गोवारीकर सर रॉकेट सोडून दिल्लीला गेले आणि पाऊस सांगायला लागले, हे नेमकं कसं जमलं?

मेघना_पी

मंडळी, धागा काढायचं कारण जरा स्वार्थी आहे, आधीच सांगते. माझी केमिकल इंजिनीअरिंगमधली पीएचडी संपत आलीये, थिसिस सबमिट व्हायचाय आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. बाबा म्हणतात गपचूप पोस्टडॉकला बाहेर जा. मामा (मंत्रालयातून रिटायर झालाय) म्हणतो दिल्लीत डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान), डीबीटी (जैवतंत्रज्ञान) अशा खात्यांत सायंटिस्टच्या पोस्ट निघतात त्या भर, यूपीएससीच्या मागे न लागता थेट सरकारच्या आत. मी म्हटलं मामा, तिथे सायंटिस्ट नुसत्या सह्या करतात रे. तर म्हणाला, वसंत गोवारीकर वाच आणि मग बोल.

नाव ऐकलेलं होतं, पावसाच्या अंदाजवाले म्हणून. वाचायला घेतलं तर डोकंच गरगरलं. माणूस मूळचा केमिकल इंजिनीअर, बर्मिंगहॅमला गार्नरच्या हाताखाली हीट आणि मास ट्रान्सफरवर पीएचडी, मग तिकडेच इंग्लंडात नोकरी, १९६७ ला विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंबाला (केरळातलं रॉकेट केंद्र), तिथे घन इंधनावर काम, १९७९ ते ८५ व्हीएसएससीचे (तिथलंच विक्रम साराभाई स्पेस सेंटर) डायरेक्टर, म्हणजे १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ रॉकेट उडालं तेव्हा कलाम प्रोजेक्ट डायरेक्टर होते आणि हे सेंटरचे डायरेक्टर. इथपर्यंत सगळं एका रेषेत आहे. पण १९८६ ला अचानक डीएसटीचे सचिव, आणि १९८८ ला मान्सूनचं १६ घटकांचं मॉडेल!!! रॉकेटचं इंधन कुठे आणि मान्सून कुठे?

माझे प्रश्न असे की (१) सचिव म्हणजे आयएएस ना, मग हे कसे झाले (२) दिल्लीत बसून हा माणूस स्वतः मॉडेल करत होता का नुसतं नाव लागलं (३) आणि हा खरा प्रश्न, असं गेल्यावर माणूस शास्त्रज्ञ उरतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. गूगल करून सांगा म्हणणाऱ्यांनी कृपया टाकू नये, गूगल मलाही येतं.

फाईलबाबा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते देऊन टाकतो. भारत सरकारात सचिव म्हणजे आयएएसच असा नियम नाही. अणुऊर्जा, अवकाश, डीएसटी, डीबीटी, आणि सीएसआयआरचे (सरकारी प्रयोगशाळांची परिषद) महासंचालक जे डीएसआयआरचे (औद्योगिक संशोधन खातं) सचिवही असतात, या खुर्च्यांवर शास्त्रज्ञ बसवायचा जुना पायंडा आहे. २००६ ला पृथ्वीविज्ञान मंत्रालय झालं तिथेही तेच. आपले माशेलकर १९९५ ते २००६ याच अर्थाने सचिव होते, काकोडकर अणुऊर्जेत होते, शैलेश नायक पृथ्वीविज्ञानात. शोध समिती नावं सुचवते आणि कॅबिनेटची नियुक्ती समिती शिक्का मारते. यातले बहुतेक जण आधी कुठली तरी मोठी प्रयोगशाळा चालवून आलेले असतात, ही गोष्ट ताई तुम्ही नीट लक्षात घ्या. गोवारीकर दिल्लीला आले तेव्हा त्यांच्या मागे थुंबाची १८-१९ वर्षं होती आणि त्यातली शेवटची काही हजारो माणसांचं सेंटर चालवण्याची.

तुमचा मामा म्हणतो ती वाट वेगळी. ती खालून सुरू होते, सायंटिस्ट-बी किंवा सी. पुढे बढती फ्लेक्सिबल कॉम्प्लिमेंटिंग स्कीमने, म्हणजे वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही, ठरावीक वर्षं भरली की मूल्यमापन आणि मुलाखत. बी चा सी व्हायला किमान ३ वर्षं, मग ४, परत ४, मग ५ आणि ५, असं करत जी पर्यंत. ऐकायला छान आहे. कामाचं म्हणाल तर प्रस्ताव येणार, तज्ज्ञांना पाठवणार, समितीची बैठक लावणार, मिनिट्स लिहिणार, वित्तवाल्यांकडे फाईल जाणार, ती शेरा घेऊन परत येणार, सँक्शन ऑर्डर निघणार, मग वर्षाअखेरीला यूसी (पैसे खर्च केल्याचा दाखला) आलं नाही म्हणून पुढचा हप्ता अडकणार, आणि त्या बिचाऱ्या प्रोफेसरचा फोन तुम्हालाच येणार. मी आयुष्य यातच घातलं आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण प्रयोगशाळेचा वास सुटतो हे खरं.

जुना_पाषाणकर

मेघना, तुझा दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

१९८७ आठवतंय का इथे कुणाला? देशभरात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस. शतकातल्या वाईट दुष्काळांपैकी एक. आता एक प्रशासकीय बारकावा बघ, तेव्हा हवामान खातं डीएसटीच्या छत्राखाली होतं. त्याआधी पर्यटन आणि नागरी विमान वाहतुकीकडे असायचं, कारण हवामान म्हणजे विमानांना लागणारी गोष्ट अशीच सरकारी समजूत. ते डीएसटीकडे येऊन फार वर्षं झाली नव्हती. म्हणजे दुष्काळ पडला तेव्हा संसदेत "अंदाज का आला नाही" या प्रश्नाचं उत्तर ज्या सचिवाच्या टेबलावरून जायचं तो सचिव म्हणजे गोवारीकर. मान्सूनची आवड म्हणून कुणी दिल्लीला जात नाही गं, प्रश्न टेबलावर येऊन आदळतो.

तिथे दुसरा एखादा असता तर समिती नेमली असती आणि अहवाल दोन वर्षांनी आला असता. यांनी हवामान खात्यातले थपलियाल, सरकर, मंडल आणि आयआयटीएममधले (पुण्याची हवामान संशोधन संस्था) सिक्का अशी जाणती माणसं घेतली आणि त्यांच्याबरोबर स्वतः गणितात उतरले. १९८९ च्या 'मौसम' या नियतकालिकातल्या पेपरवर पहिलं नाव गोवारीकरांचं आहे. भारत सरकारचा सचिव रिसर्च पेपरचा पहिला लेखक, हे चित्र तेव्हाही विरळाच होतं.

मॉडेल दोन होती, लोक एकच धरतात. पहिलं पॅरामेट्रिक, एकदम साधं. १६ घटक घ्यायचे, त्यात एल निनो (प्रशांत महासागराचं तापणं), हिमालयातला आणि युरेशियातला बर्फ, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा हवेचा दाब, अर्जेंटिनाचा दाब (हो अर्जेंटिना!), एप्रिलमध्ये वर हवेत ५०० मिलिबारच्या पातळीवरची रिज (जास्त दाबाचा पट्टा) कुठे आहे, आपल्या पूर्व किनाऱ्याचं किमान तापमान, वर १० मिलिबारला वारे कुठल्या दिशेचे, असं सगळं. प्रत्येकापुढे अनुकूल की प्रतिकूल एवढंच लिहायचं आणि मोजायचं. बहुसंख्य अनुकूल तर मान्सून चांगला. दुसरं पॉवर रिग्रेशन, ज्यातून टक्केवारीचा आकडा यायचा. त्यात प्रत्येक घटकाला स्वतःचा गुणक आणि स्वतःचा घातांक, आणि मग सगळ्यांची बेरीज. मे संपता संपता जाहीर करायचं की यंदा सरासरीच्या इतके टक्के, अधिक-उणे ४.

१९८८ ला पहिल्यांदा वापरलं. अंदाज ११३ टक्के, पडला ११९. आदल्या वर्षी होरपळलेल्या देशाला मे महिन्यात कुणीतरी सांगतंय की यंदा भरपूर, आणि खरंच भरपूर पडतो. पुढच्या वर्षी १०२ सांगितला, १०१ झाला. गोवारीकर हे नाव घराघरात गेलं ते तेव्हा. पुण्यात तर काय, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसची (म्हणजे हवामान खात्याची) इतकी वर्षं फक्त चेष्टा व्हायची (आज कोरडं हवामान म्हणालेत का, मग छत्री घे), ती काही काळ थांबली.

तिरपा_डोळा

काका आदर ठेवून बोलतो, पण कौतुकाच्या भरात अर्धीच गोष्ट सांगितलीत.

१९८८ आणि ८९ बसले, मान्य. आता पुढचे आकडे बघा. १९९४ ला अंदाज ९२, पडला ११०. १९९९ ला अंदाज १०८, पडला ९६. चूक चार टक्क्यांत बसेल म्हणणाऱ्या मॉडेलची १९९४ ची चूक १८ टक्के! तरी दर वर्षी पेपरात छापून यायचं की अंदाज खरा ठरला, सलग इतकावा नॉर्मल मान्सून. कारण नॉर्मलची व्याख्याच ९० ते ११० इतकी ऐसपैस होती. १९८९ ते २००१ देशात मोठा दुष्काळ पडलाच नाही. त्या काळात माझी आजी दर वर्षी "यंदा बरा पडेल हो" म्हणाली असती तरी तिचाही रेकॉर्ड शंभर टक्के झाला असता आणि तिला अर्जेंटिना लागलं नसतं.

आणि मग २००२. अंदाज १०१. पडला ८१. जुलै महिन्यात तर नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. ज्या प्रकारच्या वर्षासाठी हे मॉडेल जन्माला घातलं, नेमकं त्याच वर्षी ते आपटलं. २००३ ला खात्याने ते बाजूला ठेवलं आणि ८ आणि १० घटकांची नवीन मॉडेल आणली. (गंमत म्हणजे त्याच २००२ च्या कोरड्या जुलैत थुंबाचे कलाम राष्ट्रपती झाले. असो, अवांतर.)

गणिताने बघा ना. १६ घटक, प्रत्येकाला गुणक वेगळा, घातांक वेगळा. म्हणजे फिरवायला तीसेक खुंट्या. आणि हाताशी वर्षं किती, तीसेकच. तीस बिंदूंवर तीस खुंट्या फिरवल्या तर मागचा पाऊस कुणाचाही जुळेल. पुढचा जुळणं हा वेगळा खेळ आहे.

माझा खरा आक्षेप तिसऱ्या प्रश्नाशी आहे. पेपरचा पहिला लेखक जर खात्याच्या सचिवाच्या खुर्चीत बसलेला असेल तर त्याच खात्यातला कुठला कनिष्ठ माणूस उठून म्हणणार की सर, खुंट्या जास्त झाल्या? मी असं म्हणत नाही की त्यांनी कुणाला गप्प केलं. गप्प करावं लागतच नाही, खुर्ची ते काम आपोआप करते. विज्ञानात भांडता आलं पाहिजे आणि सचिवाशी कोण भांडणार.

बार्शीची_ज्वारी

दोघंबी बरोबर हाय पण शेतकऱ्याचं कुनी बोलंना म्हनून लिहितो. देशाचा पाऊस ९८ टक्के का १०२ यानं आमच्या शिवारात काय फरक पडतो ते सांगा. चेरापुंजीचा आन माझा पाऊस एकाच बेरजेत घातला तर माझ्या वाट्याचा आकडा कुठं दिसायचा. आमाला लागतं ते असं की मृगात पेरू का थांबू, मधी उघडीप किती दिसांची, हस्ताचा पडंल का, कारन ज्वारी त्याच्यावर जाती. ते त्या मॉडेलमधी नव्हतंच. आमचे वडील पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचे, म्हैस हाय का बेडूक हाय, आन टीव्हीवर गोवारीकरांचा आकडा बी ऐकायचे, आन पेरायच्या आदी मात्र वल किती खोल गेली ते हातानं उकरून बघायचे.

पन एक सांगतो, त्यो आकडा आमच्यासाठी नव्हताच मुळी. त्यो दिल्लीसाठी होता. धान्य किती उचलायचं, खत किती मागवायचं, धरनात पानी किती राखायचं, हे ज्याला ठरवायचं त्याला देशाचा आकडा लागतो. एवढं ध्यानात घेतलं की त्यांच्यावर राग राहत नाही.

जुना_पाषाणकर

@बार्शीची_ज्वारी, नेमकं बोललात. लाखात एक प्रतिसाद.

@तिरपा_डोळा, तुमचे आकडे बरोबर आहेत, मी त्यावर वाद घालणार नाही. घटक आणि मान्सून यांचं नातं कायम सारखं राहत नाही हे तर या सगळ्या पद्धतीचंच जुनं दुखणं. २००० साली खात्याने १६ पैकी चार घटक बदलले ते त्याच कारणाने, नाती ढिली झाली होती. आणि ही परंपरा गोवारीकरांपासून सुरू झालेली नाही. १८८० च्या दशकात ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून अंदाज सांगायचा. मग १९०४ ला गिल्बर्ट वॉकर आला, केंब्रिजचा गणिती, हवामानाचा त्याचा आधी काही संबंध नाही, त्याला थेट हवामान खात्याचा प्रमुख करून आणलं. त्याने जगभरचे दाब आणि तापमानं घेऊन सहसंबंध काढायचा सपाटा लावला. मान्सूनचा अंदाज त्यालाही म्हणावा तसा साधला नाही. पण त्या खटाटोपात सदर्न ऑसिलेशन (प्रशांत महासागरावरच्या दाबाचा पूर्व-पश्चिम झोका) हाती लागलं ज्याच्यावर आजचं एल निनोचं सगळं शास्त्र उभं आहे. डार्विनचा दाब गोवारीकरांच्या यादीत आला तो तिथूनच. म्हणजे बाहेरच्या विषयातला माणूस मोठ्या पदावर येऊन पावसाला हात घालतो, ही गोष्ट आपल्याकडे दुसऱ्यांदा घडली.

तुमचा खुर्चीचा मुद्दा मात्र मला अर्धाच पटतो. खुर्चीमुळे वाद दबतो, खरंय. पण खुर्चीवरच्या माणसाने स्वतःच्या नावाने आकडा जाहीर करणं हेही बघा. सचिव लोक सहसा अशी वाक्यं लिहितात की पाऊस पडला तरी खरी आणि नाही पडला तरी खरी. "पावसाचं वितरण साधारणतः समाधानकारक राहण्याची शक्यता नाकारता येत नाही." यांनी ११३ म्हटलं. ११३ हा खोटा पडू शकणारा आकडा आहे. तुम्ही आज १९९४ चा १८ टक्के फरक काढून त्यांच्यावर टीका करू शकता ती त्यांनी दर वर्षी आकडा लिहून ठेवायची सवय लावली म्हणूनच ना?

मेघना_पी

बापरे, एवढे प्रतिसाद! धन्स सगळ्यांना. काका, तुमचं पॉवर रिग्रेशनचं वर्णन वाचून मी ताडकन उठून बसले. बेरीज, गुणक, प्रत्येक घटकाला आपापला घातांक, अहो ही आमचीच सवय आहे! केमिकलवाले कायम हेच करतात. पाइपातून द्रव वाहतोय, भिंतीला उष्णता किती जाते ते मूळ समीकरणातून सुटत नाही, मग प्रयोग करायचे आणि रेनॉल्ड्स नंबरला अमुक घातांक, प्रँटल नंबरला तमुक घातांक (दोन्ही प्रवाहाचं वर्णन करणारे आकडे) असं कोरिलेशन, म्हणजे डेटावरून सूत्र, बसवायचं. आमच्यात गुणाकार असतो, इथे बेरीज आहे, पण डोकं तेच. ०.८ घातांक का, तर डेटा म्हणतो म्हणून. त्यावर अख्खे कारखाने उभे आहेत. आणि त्यांची पीएचडी हीट आणि मास ट्रान्सफरमधली! म्हणजे "रॉकेट कुठे आणि मान्सून कुठे" हा माझा प्रश्न होता त्याचं उत्तर मला तरी असं दिसतंय की त्यांनी विषय बदलला, हत्यार तेच ठेवलं.

पण मग तिरपा_डोळा यांचा मुद्दा अजून टोचतो. कारण आम्ही पाइपात प्रयोग पुन्हा करू शकतो, हवा तेवढा डेटा घेऊ शकतो, मान्सून वर्षाला एकच पॉइंट देतो. हत्यार चांगलं, पण या कामाला डेटा कमी. हे त्यांना कळत नसेल असं वाटत नाही, मग तरी का केलं?

तिरपा_डोळा

वा, कोरिलेशनचं लक्षात आलं नव्हतं. हे आवडलं.

का केलं याचं माझं उत्तर, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. वातावरणाची समीकरणं सोडवून अंदाज काढायचा तर सुपरकॉम्प्युटर पाहिजे, तो भारतात नव्हता. आणि इथे मी स्वतःच्याच विरोधात बोलतोय, पण त्या माणसाच्या काळातच डीएसटीने १९८८ ला एनसीएमआरडब्ल्यूएफ हे केंद्र काढलं, मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी, आणि त्यासाठी अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी सुपरकॉम्प्युटर मिळवला. आपल्याला मोठा हवा होता, अमेरिकेने घासाघीस करून लहान दिला. त्याच चिडीतून पुण्यात सी-डॅक ही संस्था आणि तिचा १९९१ चा परम ८००० सुपरकॉम्प्युटर, ती गोष्ट विजय भटकरांची, वेगळा धागा होईल. सांगायचं हे की एका हाताने तात्पुरतं मॉडेल वापरायचं आणि दुसऱ्या हाताने ते मोडीत काढणारी संस्था उभी करायची हे सचिवच करू शकतो, प्रोफेसर नाही. आज पुण्यात आयआयटीएममध्ये मान्सून मिशनमधून समीकरणवाली मॉडेल चालतात. माझ्या मते त्यांचं श्रेय इथे आहे, १६ घटकांत नाही. लोकांना मात्र १६ घटकच आठवतात.

फाईलबाबा

आता तिरपे डोळे सरळ झाले 🙂

त्याच पाच वर्षांतली इतर कामं पण नोंदवून ठेवतो, कारण धागा सगळा पावसात भिजलाय. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून सुरू झाला तो यांच्याच सचिवकाळात, डीएसटीच्या विज्ञान प्रसार परिषदेच्या प्रस्तावावरून. शाळेत रामन परिणामाची रांगोळी काढली असेल तर त्याचं मूळ हे. त्याच वर्षी देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून विज्ञान जथा निघाल्या आणि भोपाळला एकत्र आल्या, गॅस दुर्घटनेनंतर तीनच वर्षांनी, हे ठिकाण उगाच निवडलेलं नव्हतं. १९८८ ला टायफॅक (तंत्रज्ञानाचा पुढचा अंदाज घेणारी संस्था). १९८९ ला विज्ञान प्रसार, जी संस्था २०२३ ला बंद केली त्याचं मला वैयक्तिक वाईट वाटतं. सगळं एकट्याचं नाही, सरकारात काहीच एकट्याचं नसतं, कल्पना एकाची, फाईल दुसऱ्याची, पैसे तिसऱ्याचे. पण वरून सही झाली नाही तर कल्पना टेबलावर वाळून जाते.

मंत्री कोण होते तेही बघण्यासारखं. आधी के. आर. नारायणन, म्हणजे पुढचे राष्ट्रपती. मग १९८९ ला सरकार बदललं तर राज्यमंत्री म्हणून एम. जी. के. मेनन आले, जे स्वतः आधी डीएसटीचे सचिव राहिलेले कॉस्मिक किरणांचे शास्त्रज्ञ. सचिव शास्त्रज्ञ, मंत्रीही शास्त्रज्ञ आणि वर त्याच खुर्चीवर आधी बसून गेलेला! अशा साहेबासमोर फाईल घेऊन जाणं किती अवघड असेल याची कल्पना फक्त आम्हा फाईलवाल्यांनाच येईल.

गोवारीकर पुढे १९९१ ते ९३ पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार (नरसिंह राव), मग १९९५ ते ९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपद. कुलगुरुपदाच्या काळाबद्दल पुणेकर दोन्ही बाजूंनी बोलतात, त्यात मी पडत नाही.

अडगळीतला_पंखा

मी इतका वेळ नुसता वाचत होतो. तिसऱ्या प्रश्नावर दोन पैसे. ‘शास्त्रज्ञ उरतो का’ याचं उत्तर सगळ्यांसाठी एक नसतं. कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन १९७९ ला कृषी सचिव झाले, मग नियोजन आयोगात, आणि १९८२ ला फिलिपिन्सला भातसंशोधन संस्थेत परत विज्ञानाकडे. त्यांना परतता आलं कारण त्यांचा विषय आणि खातं एकच होतं, गहू-भात. गोवारीकरांना परतायला थुंबा उरलं नव्हतं, रॉकेटशास्त्र तोवर कुठच्या कुठे गेलं. मग ते लोकसंख्येकडे वळले, भारताच्या लोकसंख्यावाढीचा वेग कमी होतोय हे ते नव्वदीत सांगत होते जेव्हा बाकी सगळे स्फोट स्फोट करत होते. आणि म्हातारपणी पत्नी सुधाताई आणि सहकाऱ्यांना घेऊन खतांचा इंग्रजी ज्ञानकोश, हजारो नोंदींचा. रॉकेट, पाऊस, माणसं, खत. शास्त्रज्ञ उरले, पण एका विषयाचे शास्त्रज्ञ नाही उरले. ज्याला एकाच विषयात खोल जायचंय त्याने हा सौदा करू नये. ज्याला कुठल्याही प्रश्नाची खाज सुटते त्याने करावा. मेघना, तू कुठली ते तूच बघ. वरचा कोरिलेशनवाला प्रतिसाद वाचून मला तरी शंका आहे 😄

मेघना_पी

@अडगळीतला_पंखा, हाहा. हा प्रतिसाद मामाला दाखवणार नाही, तो फ्रेम करून लावेल.

फाईलबाबा काका, एकच व्यवहाराचं विचारते. समजा आधी पोस्टडॉक केलं, मग कुठल्यातरी सीएसआयआर लॅबमध्ये वगैरे लागले, तर नंतर डीएसटीत जायची वाट बंद होते का? का आत्ताच खालून चढायला सुरुवात केली पाहिजे?

फाईलबाबा

बंद होत नाही, उलट मी तर तेच सांगेन. वरच्या ग्रेडच्या जागाही जाहिरातीने भरतात, आणि सरकारी लॅबमधून डेप्युटेशनवर काही वर्षं येऊन परत जाणारेही असतात. लॅबमध्ये काम करून आलेल्या माणसाने प्रस्ताव वाचला की त्याला पहिल्या पानावर कळतं की हे उपकरण खरंच लागणार आहे की कपाटात जाणार. थेट आलेल्याला ते शिकायला फार वर्षं जातात, तोवर पैसे गेलेले असतात.

जाहिराती खात्याच्या साइटवर आणि रोजगार समाचारमध्ये येतात. वयाची अट आणि अनुभवाची वर्षं कशी मोजतात ते प्रत्येक जाहिरातीत बारीक अक्षरात असतं, पीएचडीचा काळ अनुभवात धरतात की नाही ते त्यातच बघ, बरेच अर्ज तिथेच गळतात. आणि सबमिट कर गं आधी तो थिसिस.

बार्शीची_ज्वारी

ताई दिल्लीला गेलात तर तालुक्याचा अंदाज बघा जरा 🙏

मेघना_पी

@बार्शीची_ज्वारी दादा, नोंद घेतलीये. सबमिशन झालं की धागा वर काढते.